शिह त्झूचं वेगळं की ‘स्मॉल ब्रीड’चं? छोट्या कुत्र्याचं ड्राय फूड निवडताना

कोथरूड असो, औंध असो की हडपसर, पेट शॉपच्या रॅकवर हल्ली दोन प्रकारच्या पिशव्या शेजारीशेजारी दिसतात. एकीवर शिह त्झू, पग, पॉमेरेनियन असं जातीचं नाव छापलेलं असतं, दुसरीवर नुसतं ‘मिनी’ किंवा ‘स्मॉल ब्रीड’. पहिली किलोमागे बहुतेक वेळा महाग. आपल्या कुत्र्याचं चित्र दिसलं की हात आपसूक तिकडे जातो. पण निवड चित्रावरून करायची नसते. कुत्र्याच्या तोंडाची ठेवण, त्याचं वजन, वय आणि नसबंदी झाली आहे का, एवढं पाहून ती करायची. या चार गोष्टींना जातीचं फूड जुळत असेल तर खुशाल घ्या. जुळत नसेल तर चांगल्या कंपनीचं स्मॉल ब्रीड फूड कुठेही कमी पडत नाही.

याचं कारण पोषणाच्या मानकांतच आहे. बऱ्याच पिशव्यांवर ज्या अमेरिकन ‘आफ्को’ (AAFCO) मानकाचा उल्लेख असतो, त्यात कुत्र्यांसाठी दोनच पोषण-तक्ते आहेत: वाढीच्या व गाभण-दूध पाजण्याच्या काळासाठी एक आणि प्रौढ कुत्र्यासाठी एक. पाण्याचा अंश वगळून प्रौढाला किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के फॅट, पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के फॅट. पगचा तक्ता नाही, शिह त्झूचा नाही, ‘स्मॉल ब्रीड’चाही नाही. म्हणजे जातीचं फूड ही त्याच पायावर कंपनीने स्वतः केलेली रचना असते. ती रचना काही कुत्र्यांना खरोखर उपयोगी पडते, काहींना अजिबात नाही.

स्मॉल ब्रीड फूड लॅब्रॅडॉरच्या फूडपेक्षा वेगळं का असतं

कुत्रा जितका छोटा, तितकी त्याला किलोमागे जास्त ऊर्जा लागते. नसबंदी झालेल्या ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे ७५. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला साधारण १,४३५, म्हणजे किलोमागे ४८. वजन सहापट, पण भूक चौपटीच्याही आतच. छोट्याचं पोट लहान, त्यामुळे त्याच्या फूडमध्ये कमी ग्रॅममध्ये जास्त कॅलरी बसवतात आणि दाणा जबड्याला झेपेल एवढा छोटा करतात. ‘मिनी’ची वजनमर्यादा कंपनीगणिक बदलते. रॉयल कॅनिनमध्ये एक्स-स्मॉल म्हणजे मोठेपणी ४ किलोपर्यंत आणि मिनी म्हणजे १० किलोपर्यंत. दुसऱ्या कंपनीची पिशवी घेताना तिच्यावरचा आकडा वेगळा वाचा.

घरात लॅबचं पिल्लू आणि पग दोन्ही असतील तर एकाच पिशवीवर भागवू नका. मोठेपणी ३२ किलोच्या पुढे जाणाऱ्या पिल्लांसाठी आफ्को मानकात कॅल्शियमला १.८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, बाकीच्यांसाठी ती २.५ टक्के आहे. छोट्या पिल्लाचं फूड मोठ्या हाडाच्या पिल्लाला रोज घातलं तर त्याच्या हाडांची वाढ बिघडू शकते.

जातीच्या फूडचा खरा फायदा: दाण्याचा आकार

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत, म्हणजे पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्यात, खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे असतो आणि दातांची दाटी असते. अशा कुत्र्याला दाणा पुढच्या दातांत धरता येत नाही. तो ओठांनी ढकलतो, जिभेने ओढतो, कित्येकदा जिभेच्या खालच्या बाजूने दाणा उचलतो. गुळगुळीत, गोल, अगदी बारीक दाणा असला की दोन गोष्टी घडतात: अर्धं फूड वाडग्याबाहेर जातं आणि जे तोंडात जातं ते न चावताच गिळलं जातं. गिळण्याच्या घाईत हवाही आत जाते, मग ढेकर, गॅस आणि जेवल्यावर लगेच अख्खे दाणे बाहेर पडणं. कंपन्या या जातींसाठी मुद्दाम वेगळ्या आकाराचा, पकडीला सोपा दाणा बनवतात. रॉयल कॅनिनचा पगचा दाणा तीन पाकळ्यांचा आहे तो त्यासाठीच.

आपल्या कुत्र्याला याची गरज आहे का, हे घरीच तपासता येतं. सगळ्यात छोटं पाकीट आणा किंवा दुकानात सँपल मागा. कुत्र्याला चांगली भूक लागली असताना सपाट, कमी काठाच्या ताटलीत मोजून २० दाणे ठेवा. ताटली घसरणार नाही असं बघा, खाली ओलं फडकं घातलं तरी चालतं. मग वाकून शांतपणे पाहा. किती दाणे पहिल्या प्रयत्नात उचलले गेले? किती बाहेर पडले? चावल्याचा कुरकुर आवाज येतो का? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फूडच्या २० दाण्यांनी हेच करा. स्मॉल ब्रीडचे बहुतेक दाणे सहज उचलले जात असतील आणि चावल्याचा आवाज येत असेल, तर दाण्यासाठी म्हणून जातीच्या पिशवीला जास्त पैसे मोजायचं कारण उरत नाही. पाच-सहा दाणे लोळून बाहेर गेले आणि आवाज जवळजवळ आलाच नाही, तर जातीचं फूड नक्की वापरून पाहा.

लांब तोंडाच्या छोट्या कुत्र्यांना, जसं डॅशहंड किंवा स्पिट्झ, ही अडचण नसते. तिथे फरक उरतो तो कॅलरी आणि जोडीला घातलेल्या घटकांचा: त्वचेसाठी ओमेगा-३, सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन वगैरे. यातले बरेच घटक चांगल्या स्मॉल ब्रीड फूडमध्येही असतात. दोन्ही पिशव्या उलट्या करून घटकांच्या याद्या शेजारी ठेवा, फरक दिसेल किंवा नाही हे पाच मिनिटांत कळतं.

आपल्याकडचा ‘पॉम’

पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत ज्याला पॉमेरेनियन म्हणून वाढवलं जातं, तो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन मोठेपणी साधारण दीड ते सव्वातीन किलोचा. इंडियन स्पिट्झ पाच-सात किलोचा, थोराड चणीचा तर त्याच्याही बराच पुढे. पॉमेरेनियनच्या पिशवीवरचा मात्रेचा तक्ता त्या छोट्या वजनासाठी असतो. सहा किलोच्या स्पिट्झला तीन किलोच्या ओळीतली मात्रा दिली तर तो उपाशी राहतो आणि घरचे म्हणतात, ‘ड्राय फूडने याचं पोटच भरत नाही.’ स्पिट्झसाठी साधं स्मॉल ब्रीड फूड घ्या आणि मात्रा प्रत्यक्ष वजनावरून काढा. वजन १० किलोच्या पुढे असेल तर मीडियम ब्रीडकडे जा. मिश्र जातीच्या आणि छोट्या चणीच्या देशी कुत्र्यांनाही हेच लागू पडतं. त्यांच्यासाठी जातीचं फूड शोधत बसू नका.

पिशवीची मागची बाजू

सगळ्यात आधी वयाची ओळ वाचा. छोट्या जातीचं कुत्रं १० ते १२ महिन्यांत प्रौढ होतं, तोवर ‘पपी’ लिहिलेलंच फूड हवं. ‘शिह त्झू’ एवढंच वाचून पिल्लासाठी प्रौढाची पिशवी घरी येणं ही फार वेळा होणारी चूक आहे. मग कॅलरी बघा: किलोमागे किती, हे काही पिशव्यांवर थेट छापलेलं असतं. नसेल तर स्वतः काढा. प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) यांचे टक्के १०० मधून वजा केले की उरतात ती कर्बोदकं. राखेचा आकडा दिला नसेल तर ७ धरा. प्रथिनांना ३.५ ने, फॅटला ८.५ ने, कर्बोदकांना ३.५ ने गुणून बेरीज करा. समजा प्रथिनं २६, फॅट १४, फायबर ३, ओलावा १०, राख ७. कर्बोदकं उरली ४०. ९१ अधिक ११९ अधिक १४० म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी, किलोमागे ३,५००. छापलेले प्रथिनं-फॅटचे आकडे ‘किमान’ असतात, त्यामुळे खरा आकडा थोडा वर असतो, पण तुलनेला एवढं पुरतं.

किमतीची तुलनाही याच आकड्यावर करायची. समजा एक फूड ₹९०० किलो आणि त्यात ३,९०० कॅलरी, दुसरं ₹७०० किलो आणि त्यात ३,३००. ३७५ कॅलरी लागणाऱ्या कुत्र्याला पहिलं ९६ ग्रॅम पुरतं, ₹८६ रोज. दुसरं ११४ ग्रॅम लागतं, ₹८० रोज. किलोमागे दोनशेचा दिसणारा फरक रोजच्या सहा रुपयांवर आला. कधी हिशोब याच्या उलटही निघतो आणि जातीची पिशवी रोजच्या खर्चात फारच महाग पडते. म्हणून किलोचा भाव बघून ठरवू नका.

‘ग्रेन-फ्री’ या शब्दासाठीही जास्त पैसे देऊ नका. धान्याऐवजी मोठ्या प्रमाणावर वाटाणे, मसूर अशी कडधान्यं घातलेल्या फूडचा आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सुरू केली होती. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण निरोगी कुत्र्याला धान्य टाळायचं कारणही नाही. आपली कुत्री भात पचवतातच.

मात्रा: कॅल्क्युलेटर आणि स्वयंपाकघरातला काटा

मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर वजनाला वजनाने दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७० ने गुणा. ५ किलोसाठी: ५ × ५ × ५ = १२५, वर्गमूळ ११.१८, पुन्हा वर्गमूळ ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४. ही नुसतं पडून राहण्यासाठी लागणाऱ्या कॅलरींची मूळ गरज. नसबंदी झालेल्या, रोज नीट फिरणाऱ्या प्रौढाला याच्या १.६ पट. नसबंदी न झालेल्याला १.८ पट. फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसातून दोनदा खाली जाऊन लगेच वर येणारा असेल तर १.४ पासून सुरू करा. पगला १.२ ते १.४, कारण तो पटकन सुटतो आणि उन्हाळ्यात पुण्यात तापमान चाळिशीला टेकतं तेव्हा त्याला फार पळवताही येत नाही. ८ किलोच्या पगची मूळ गरज ३३३. १.२ ने ४०० कॅलरी. ३,७०० कॅलरीच्या फूडचे १०८ ग्रॅम. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला मूळ गरजेच्या तिप्पट, पुढे वाढ पूर्ण होत येईपर्यंत दुप्पट.

मोजायला फूडसोबत आलेला कप नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दाण्याचा आकार बदलला की त्याच कपात १५-२० ग्रॅम कमी-जास्त मावतं. ९० ग्रॅमवर जगणाऱ्या कुत्र्याला १५ ग्रॅम म्हणजे सहावा हिस्सा. ‘जातीचं फूड सुरू केलं आणि कुत्रा जाडा झाला’ या तक्रारीमागे बरेचदा तोच जुना कप असतो.

घरात चार माणसं असली की खरी गडबड इथे होते. सकाळी आई देते, दुपारी आजी पोळीचा तुकडा देतात, संध्याकाळी मुलं बिस्कीट. मध्यम आकाराची तूप लावलेली पोळी दीडशे कॅलरीच्या घरात जाते. म्हणजे ३७५ पैकी ४० टक्के. वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांवर नको. यावर सोपा उपाय: दिवसभराचं ड्राय फूड सकाळीच मोजून एका छोट्या डब्यात काढा आणि लाड करायचे असतील त्यांनीही त्याच डब्यातले दाणे द्यावेत. आजोबांनी दिलेला एक-एक दाणाही कुत्र्याला तितकाच आनंद देतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा, मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली साखरमुक्त गोळी मात्र कणभरही नको.

वजन दर पंधरा दिवसांनी करा. माणसांच्या काट्यावर कुत्र्याला घेऊन आणि न घेता उभं राहण्यात छोट्या कुत्र्याचा फरक नीट पकडता येत नाही, ५ किलोवर २५० ग्रॅम म्हणजे पाच टक्के. व्हेटकडचा किंवा बाळाचा काटा बरा. जोडीला बरगड्या चाचपा. पालथा हात पसरून बोटांच्या मुळाशी चाचपलं तर जसं लागतं, तशा बरगड्या हाताला लागल्या तर ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रं बारीक आहे. हाताच्या तळव्यासारख्या लपल्या तर जाडं. शिह त्झू आणि स्पिट्झच्या केसांमुळे डोळ्यांनी काहीच कळत नाही, हातच घालावा लागतो. त्यानुसार मात्रा एका वेळी १० टक्क्यांनीच बदला.

नवं फूड सुरू करताना

दहा दिवस घ्या. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे तीन दिवस अर्धं, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर दोन-तीन दिवस थांबा. रक्त दिसलं, वारंवार उलटी झाली किंवा प्रौढ कुत्र्याने दिवसभर तोंड लावलं नाही तर फूडचा विचार सोडून डॉक्टरांना दाखवा. केसांत आणि त्वचेत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत पिशव्या बदलत राहिलं तर काय मानवलं हे कधीच कळत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. खाज सुटते म्हणून स्मॉल ब्रीड सोडून शिह त्झूचं फूड घेतलं तर फारसं काही बदलत नाही, कारण दोन्हींत मुख्य प्रथिन पुष्कळदा चिकनच असतं. आधी गोचीड-पिसवा आणि पावसाळ्यातला बुरशीसंसर्ग तपासून घ्या. अन्नाचीच अ‍ॅलर्जी वाटत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे वेगळ्या प्रथिनाचा आहार लागतो.

दातांचंही तसंच. छोट्या जातींत किटण लवकर धरतं. कोरडा दाणा दात साफ करतो ही समजूत अर्धीच खरी आहे, छोटा दाणा दातावर घासला न जाताच फुटतो. घटकांत पॉलिफॉस्फेट असेल तर ते लाळेतलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि किटण कडक व्हायला वेळ लागतो. पण रोज ब्रश करण्याला पर्याय नाही, आणि पेस्ट कुत्र्यांचीच हवी.

पावसाळा आणि साठवण

जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की उघडी पिशवी आठवड्याभरात मऊ पडते. फॅटला खवट वास येतो, मग बुरशी. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. ९६ ग्रॅम खाणाऱ्याला दीड किलो पंधरा दिवस जातं, चार किलो एक्केचाळीस दिवस. तीन किलोच्या कुत्र्याला तेच चार किलो दोन महिने पुरेल. उघडलेली पिशवी चार ते सहा आठवड्यांत संपायला हवी, पावसाळ्यात चारच धरा. फूड मूळ पिशवीतच ठेवा, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवा. दाणे थेट प्लास्टिकच्या डब्यात ओतले तर आतल्या बाजूला चिकटलेलं तेल खवट होतं आणि पुढच्या फूडला लागतं, शिवाय बॅच नंबर आणि तारीख हरवते. ऊन येणारी बाल्कनी, गच्चीखालचा माळा, उन्हात लावलेल्या स्कूटरची डिकी या जागा टाळा. मुंग्या लागत असतील तर वाडगा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

गोणीतून काढून विकलेलं सुटं फूड घेऊ नका. गोणी कधी उघडली, तारीख काय, आत तेच फूड आहे का, यातलं काहीच तपासता येत नाही.

जातीचं फूड ठरवलंत तर ते जवळच्या दोन दुकानांत नियमित येतं का हे आधी विचारा. आठवडाभर माल नसला की मधेच दुसरं घालावं लागतं आणि पोट बिघडतं. शेवटचे दहा दिवसांचे दाणे उरले की नवी पिशवी आणायची.

दोन्हीही नको अशी वेळ

अगदी छोट्या जातीच्या दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चारदा खायला लागतं. उपास घडला तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटतं, गळून जातं. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळून लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. मिनिएचर श्नाउझरला स्वादुपिंडाचा दाह होण्याची प्रवृत्ती असते, त्याला जास्त फॅटचं फूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शिह त्झू, ल्हासा अप्सो आणि श्नाउझर यांच्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे मूतखडे तुलनेने जास्त आढळतात. एकदा खडा झालेल्या कुत्र्याला ना जातीचं, ना स्मॉल ब्रीडचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच फूड द्यावं लागतं आणि पोटात जास्त पाणी जाईल असं बघावं लागतं: ओलं फूड, दाण्यांवर कोमट पाणी, घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे. लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. जोर करूनही थेंब-थेंबच येत असेल किंवा काहीच येत नसेल, विशेषतः नराला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच न्या.